सोन्या, एक माणूस पुरत नाही

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

तू सुट्टीत ठेवून गेलास तो स्वीडिश सिनेमा, ‘लेट द राइट वन इन’, आम्ही दोघांनी पाहिला. बाबांना रक्त बघवत नाही. मांजरं त्या बाईवर तुटून पडतात तिथे ते उठले आणि परत आले नाहीत. मी शेवटपर्यंत पाहिला, नंतर एकटीने पुन्हा पाहिला, मध्येमध्ये थांबवत. त्याच्याबरोबर दिलेली कादंबरीही इंग्रजीतून वाचून काढली. तू लिहिलं होतंस, "आई, ही मी पाहिलेली सगळ्यात सुंदर प्रेमकथा आहे. एक माणूस मिळाला की बास, बाकीचं जग गेलं तरी चालतं." शाळेत मार खाणारा बारा वर्षांचा ऑस्कर आणि त्याच्या शेजारी राहायला आलेली रक्तपिपासू एली यांचा हा सिनेमा सुंदर आहे हे मला पूर्ण मान्य. तुझ्या दुसऱ्या वाक्याशी मात्र माझं भांडण आहे, आणि ते फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी सातवीला शिकवते. ऑस्करच्या वयाची मुलं रोज माझ्यासमोर बसलेली असतात, त्यामुळे मला हा सिनेमा भुताचा म्हणून बघताच आला नाही. सुरुवातीलाच तो पोरगा खिडकीशी उघड्या अंगाने उभा असतो, हातात सुरी, आणि काचेतल्या स्वतःलाच दरडावत असतो, "ओरड, डुकरासारखा ओरड." हे शब्द त्याचे नाहीत. शाळेत कॉनी त्याला डुक्कर म्हणतो, त्याच्या नाकावर बोट दाबतो, आणि तेच सगळं तो घरी येऊन रिकाम्या खोलीला ऐकवतो. मार खाणारं मूल मारणाऱ्याची बोली शिकतं, हे इतक्या थोडक्यात दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मग वर्गात पोलीस येतो, एका खुनाबद्दल काही विचारतो, आणि ऑस्कर अचूक उत्तर देतो. तुला कसं माहीत? तर म्हणे, मी वाचतो. त्याच्याकडे खुनांच्या बातम्यांची कात्रणं चिकटवलेली वही आहे. बारा वर्षांचं मूल असलं का वाचत असेल, हा प्रश्न त्या वर्गातल्या एकाही मोठ्या माणसाला पडत नाही.

फोकाने मारतात तो प्रसंग मी थांबवून पाहिला. गालावर वळ उठतो. घरी आई विचारते, तो सांगतो मधल्या सुट्टीत पडलो, आणि ती ते मान्य करते. ही आई दुष्ट नाही रे. दोघं एकत्र दात घासताना किती हसतात ते आठव. वडीलही दुष्ट नाहीत. गावाकडे गेल्यावर ते त्याला बर्फावरून गाडीने फिरवतात, त्याच्याशी फुली-गोळा खेळतात. तेवढ्यात दारात एक ओळखीचा येतो, टेबलावर बाटली येते, आणि डाव अर्धा राहतो. वडील त्या मुलाला एक शब्दही टाकून बोलत नाहीत. फक्त त्यांचं तोंड दुसरीकडे वळतं. ऑस्कर उठतो आणि अंधारात रस्त्यावर येऊन परतीची गाडी बघतो. सिनेमात एवढी माणसं मरतात, पण मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

एक गोष्ट तुला माहीत असेल-नसेल. आई-वडिलांनीसुद्धा मुलावर हात उगारायचा नाही, असा कायदा करणारा जगातला पहिला देश स्वीडन. साल १९७९. ही गोष्ट घडते त्याच्या दोन-तीन वर्षांनंतर. म्हणजे ऑस्करला घरात कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, शाळा आहे, पोहण्याचा तलाव आहे, घर उबदार आहे. ब्लॅकेबर्ग हे स्टॉकहोमच्या पश्चिमेचं उपनगरही कसं, तर नीट आखून वसवलेलं, १९५२ साली तिथवर मेट्रो आलेली, इमारतींच्या मधोमध मुलांना खेळायला मोकळी जागा. आणि त्याच जागेत, रात्री, एक मूल झाडाच्या बुंध्यात सुरी खुपसत उभं आहे. लेखक जॉन आयविडे लिंडक्विस्ट तिथेच वाढले. त्यांचा जन्म डिसेंबर १९६८चा, आणि कादंबरी १९८१च्या शरदातली. म्हणजे त्या दिवसांत ते स्वतः बारा वर्षांचे होते. कादंबरी २००४ची, सिनेमा २००८चा, पटकथाही त्यांचीच. हे सगळं कळल्यावर मला त्या सुरीचा अर्थ आणखी नीट लागला. कुणीतरी स्वतःच्या वयाकडे परत जाऊन, त्या मुलाच्या शेजारी उभं राहून हे लिहिलंय.

चित्रीकरण बरंचसं दूर उत्तरेला, लुलेओ या गावी केलं, कारण बर्फाची आणि थंडीची खात्री तिथे. उत्तर ध्रुववृत्त तिथून फार लांब नाही. थंडीच्या ऐन दिवसांत तिथे सूर्य जेमतेम तीनेक तास दिसतो. तोमास आल्फ्रेडसन या दिग्दर्शकाने आणि होइटे व्हान होइटेमा या छायालेखकाने तो अंधार भीती घालायला वापरलेला नाही. (तुझ्या आवडीच्या ‘ओपनहायमर’साठी ज्यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला, ते हेच होइटेमा. मला बाबांनी सांगितलं.) कॅमेरा बराच वेळ हलतच नाही. खून लांबून दिसतात, आणि मुलांचे चेहरे अगदी जवळून, इतके जवळून की नाकाखालचा ओलावाही दिसतो. मला हे फार योग्य वाटलं. मोठ्यांच्या जगात काय चाललंय ते मुलांना लांबून, अर्धवटच दिसतं. जवळचं असतं ते दुसऱ्या मुलाचं तोंड.

आता एलीबद्दल. मी तिला ‘ती’च म्हणते, ऑस्करही शेवटपर्यंत तसंच धरून चालतो. कादंबरीत स्पष्ट आहे की हा एक मुलगा होता, दोनेकशे वर्षांपूर्वी फार क्रूरपणे त्याला असं करून टाकलं. सिनेमात त्याची एक क्षणभर खूण दिसते. "मी मुलगी नसले तरी तुला आवडेन का?" असं ती विचारते आणि तो थोडा विचार करून म्हणतो, हो, बहुतेक. इतकं साधं उत्तर. त्या वयाच्या मुलांचं हे मला नेहमी पटतं, त्यांना आपल्याइतके खुलासे लागत नाहीत.

तुझ्या लक्षात आलं का ठाऊक नाही, पण पहिल्या भेटींत ती त्याच्याजवळ उभी असते तेव्हा तिच्या पोटातून आवाज येतो. भुकेचा. तू कदाचित संगीत ऐकत असशील, मला तो आवाज आधी ऐकू आला. बर्फात पातळ कपड्यांत उभी, केस मळलेले, अंगाला वास, आणि पोटात आग. तो विचारतो, तुला थंडी वाजत नाही? ती म्हणते, विसरले असेन. तो तिला स्वतःचा रुबिक क्यूब देतो. दुसऱ्या भेटीत ती अंघोळ करून आलेली असते आणि विचारते, आता वास बरा येतो का? कुणीतरी आपल्याला जवळ येऊ द्यावं म्हणून केलेली ती अंघोळ मला फार आवडली.

आपल्याकडे मुंजा म्हणतात तो आठवला. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मूल गेलं, मग ते पिंपळावर राहतं, कायम त्याच वयाचं. तुझी पणजी त्याची गोष्ट सांगायची तेव्हा तिच्या बोलण्यात भीतीपेक्षा कळवळा जास्त असायचा: लेकराचं काहीच झालं नाही हो, ना लग्न, ना संसार. एलीही तशीच. "मी बारा वर्षांची आहे, पण फार दिवसांपासून बारा वर्षांची आहे." तिचं पुढचं काहीच होणार नाही. कोकणातल्या बायांनी तिला पाहिलं असतं तर आधी झाडाखाली दहीभात ठेवला असता आणि मग मुलांना तिकडे जाऊ नका म्हणून बजावलं असतं. दोन्ही एकाच वेळी. माझंही नेमकं तेच म्हणणं आहे, आणि त्यातली दोन्ही अर्धी तितकीच खरी आहेत.

तुझं जे खरं आहे ते आधी मान्य करते, कारण त्या एका प्रसंगाने मलाही जिंकून घेतलं. दारातला प्रसंग. आमंत्रण मिळाल्याशिवाय रक्तपिपासूला कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही, हा नियम जुना, ‘ड्रॅक्युला’च्या १८९७च्या कादंबरीतही आहे. पण नियम मोडला तर काय होतं? ऑस्कर तेच करून बघतो. ती दाराबाहेर उभी, म्हणते ये म्हण. तो म्हणत नाही. हवेत हात फिरवून विचारतो, इथे काही आडवं आहे का? हे त्याचं वागणं कॉनीसारखं आहे, आपल्या हातात कुणीतरी सापडलं की माणूस कसं वागतो ते. आणि ती, परवानगी नसताना, आत येते. थरथरते. मग डोक्यातून, डोळ्यांतून, कानांतून, सगळीकडून रक्त येऊ लागतं. तेव्हा तो ओरडतो, ये, ये आत, आणि तिला मिठी मारतो. आपल्या एका शब्दाने समोरच्याला किती दुखतं, हे त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. रोज मार खाणाऱ्याला हे दिसण्याची संधीच कधी मिळालेली नसते. मग ती त्याला सांगते, मी तुझ्यासारखीच आहे. तो म्हणतो, मी माणसं मारत नाही. ती म्हणते, पण मारता आली तर मारशील, मला मारावंच लागतं, आणि मग, थोडा वेळ मी होऊन बघ. सोन्या, प्रेमाची यापेक्षा मोठी मागणी मलाही माहीत नाही. इथपर्यंत मी तुझ्याबरोबर आहे.

आता होकानकडे बघ. एलीबरोबर राहणारा तो म्हातारा होत चाललेला माणूस. पहिल्या पाहण्यात मीही त्याला नुसता खुनी समजले. दुसऱ्या वेळी त्याच्याकडेच बघत बसले. तो जंगलात जातो, बाटली, नळी, गाळणं सगळं घेऊन, आणि त्याला ते नीट जमतही नाही. एक पांढरं कुत्रं येऊन बघत बसतं आणि सगळं फसतं. घरी आल्यावर ती त्याच्यावर ओरडते. एका रात्री तो निघताना इतकंच म्हणतो, आज त्या मुलाला भेटू नकोस. ती त्याच्या गालावरून हात फिरवते. त्याच्या सगळ्या आयुष्याचा मोबदला तेवढाच. त्या रात्री तो पकडला जातो, आणि आपल्यामुळे तिचा माग लागू नये म्हणून स्वतःच्या तोंडावर ॲसिड ओततो. नंतर इस्पितळाच्या खिडकीत ती येते, तो मान पुढे करतो, ती रक्त पिते, आणि तो खाली पडतो.

हा माणूस कोण, याचं उत्तर तीन ठिकाणी तीन आहे. कादंबरीत तो पूर्वी शिक्षक होता, लहान मुलांच्या बाबतीतल्या वाईट वासनेपायी नोकरी गेलेला, एलीला अलीकडेच भेटलेला. वाचताना मला मळमळलं. आल्फ्रेडसनने ते सगळं काढून टाकलं आणि जागा रिकामी ठेवली. २०१०च्या अमेरिकन आवृत्तीत, जी त्यांनी न्यू मेक्सिकोतल्या लॉस ॲलामोसला नेली, ती जागा भरून टाकली: तिथे मुलाला एक जुना फोटो सापडतो, आणि त्या फोटोत तिच्या शेजारी तो म्हातारा स्वतः लहान मुलगा म्हणून उभा असतो. म्हणजे आजचा प्रियकर उद्याचा होकान. स्वीडिश सिनेमा बघूनही बऱ्याच जणांनी हेच ताडलं. लिंडक्विस्टना मात्र हा अर्थ सहन झाला नाही. त्यांनी पुढे एक कथा लिहिली आणि तीत ऑस्कर आणि एली कित्येक वर्षांनंतरही न वाढलेले, दोघंही सारखेच झालेले दाखवले. बिचाऱ्या ऑस्करला त्यांनी म्हातारा होण्यापासून वाचवलं.

मला लेखकाबद्दल आदर आहे, त्याला त्या मुलाची काळजी होती हे कळतं. पण सिनेमात जे आहे ते आहे. तू जे वाक्य मला लिहून पाठवलंस, एक माणूस मिळाला की बास, ते त्या सिनेमात ऑस्करपेक्षा होकान जास्त खऱ्या अर्थाने जगतो. त्याला शेजारी नाही, मित्र नाही. रात्री बाहेर पडायचं ते तिच्यासाठी, परत यायचं ते तिच्याकडे. त्याचं प्रेम खोटं नाही, आणि तेच मला जास्त वाईट वाटलं. इतका काळ एकटं राहिलेल्या माणसाला कुणी जवळ घेतलं तर तो किंमत विचारत नाही. विचारायचं त्याला सुचतही नाही, कारण नाही म्हणून परत जायला दुसरी जागा नसते.

आणि ज्यांच्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, ते सांगते. चिनी खानावळीत बसणारी ती मंडळी. लाके, व्हर्जिनिया, योके, ग्योस्टा. पोट सुटलेले, पिणारे, कुणाच्याही सिनेमात नायक न होणारे. एकटे तर तेही आहेत. ग्योस्टाच्या घरात मांजरांशिवाय कुणी नाही. पण ते रोज एका टेबलाशी येऊन बसतात, एकमेकांच्या त्याच त्या गोष्टी ऐकतात, एक जण आला नाही तर बाकीच्यांना कळतं. योके एलीच्या हातून मारला जातो तेव्हा लाके तो विषय सोडत नाही. पोलीस सोडतील, तो नाही. मग व्हर्जिनियाला एलीचा चावा बसतो. आपलं काय होतंय हे तिला कळतं आणि तशी ती जगू इच्छित नाही. इस्पितळात सकाळी ती खिडकीचा पडदा उघडायला सांगते आणि उन्हात जळून जाते. मागे उरतो लाके.

या माणसाचा जिवलग मित्र गेला, मग त्याचं प्रेम गेलं, आणि मग तो दार उघडून एकटा एलीच्या घरात शिरतो. न्हाणीघरात ती टबमध्ये झोपलेली असते. अख्ख्या सिनेमात दुसऱ्यासाठी उठून काही करणारा मोठा माणूस हा एकच. ऑस्कर सुरी घेऊन मागे येतो, त्याच्याने ती चालवत नाही. तो फक्त ओरडतो. ती जागी होते. पुढचं आपल्याला ऐकू येतं, दार लोटलेलं असतं. ऑस्कर ते दार ओढून घेतो. मग ती बाहेर येते, मागून त्याला मिठी मारते, आभार मानते. तू ही मिठी पाहिलीस. मी दाराकडे बघत होते. त्या दारामागे फरशीवर लाके पडलेला आहे, आणि तो कुणाचाही वैरी नव्हता. कॉनीबद्दल तू म्हणशील त्याने मागून घेतलं. लाकेने काय मागितलं होतं?

तलावाचा प्रसंग तर सगळ्यांना पाठ आहे. मास्तरांना बाहेर काढायला आधी कचऱ्याच्या पेटीला आग लावली जाते आणि मास्तर जातात, हे शिक्षिका म्हणून मला टोचलं. कॉनीचा मोठा भाऊ ऑस्करचं डोकं पाण्याखाली धरतो. तीन मिनिटं राहायचं, नाहीतर डोळा जाईल, कारण ऑस्करने कॉनीचा कान फोडला होता. आणि मग पाण्याखालची ती शांतता, वर काय चाललंय ते कळतच नाही, एक जोडी पाय पाण्यातून ओढले जातात, पकडणारा हात सैल होतो. मीही श्वास रोखून होते आणि तो सुटला तेव्हा मला बरं वाटलं. हे खरं आहे, लपवत नाही. पण मग कॅमेरा काठावर येतो. एक मुलगा जिवंत ठेवलेला आहे, तोंड झाकून रडतोय. तो त्यांच्यातलाच, पण त्याला हे कधी मनापासून नको होतं हे आधीपासून दिसत होतं. त्याचं पुढे काय झालं असेल याचा मी बराच विचार केला. माझ्या वर्गात दरवर्षी असा एक मुलगा असतो. मारणाऱ्यांबरोबर उभा, कारण एकटं उभं राहायची भीती वाटते. मी लक्ष ठेवते ते कॉनीवर कमी आणि त्याच्यावर जास्त, कारण त्याला वेळेत बाजूला काढता येतं. शिक्षकांच्या खोलीत मी हे बोलते तेव्हा सगळ्यांना पटतंच असं नाही. पण असा मुलगा एकदा बाजूला आला की त्या टोळीचा जोर ओसरतो, हे मी पाहिलेलं आहे. ब्लॅकेबर्गच्या शाळेत कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवून दुसऱ्या बाकावर बसवलं असतं, तर एलीला यायची गरजच पडली नसती, असं मला वाटतं. तुला हे फार साधं वाटेल. माझ्या कामात बहुतेक गोष्टी अशाच साध्या असतात.

आता तुझं. पुण्याला गेल्यापासून तुझ्या बोलण्यात एकाच मुलाचं नाव येतं. त्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या महिन्यात तुला ताप भरला तेव्हा मेसमधून पेज करून आणली ती त्यानेच, हे मी विसरणार नाही. शाळेत तुझं कुणाशी फारसं जमलं नाही, मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसायचास, तेव्हा आता तुला कुणी मिळालं तर मला आनंद किती झाला असेल याचा विचार कर. तू त्याच्यावर जीव टाकतोस ते टाक. मी त्यातलं काही कमी करायला सांगत नाही.

पण काही विचारते, रागावू नकोस. बॅडमिंटन का सोडलंस? संक्रांतीला आत्याकडे जेवायला जाणार होतास, ती तिळाच्या वड्या करून वाट बघत बसली, तू गेला नाहीस, आणि फोनवर मला सांगितलंस की त्याला एकटं वाटलं असतं. मग त्यालाही घेऊन का गेला नाहीस? त्याचं ज्यांच्याशी पटत नाही, त्यांच्याशी तूही बोलत नाहीस, असं तुझ्याच बोलण्यावरून वाटतं. त्यांनी तुझं काय केलंय? तुम्ही दोघं सगळ्यांच्या विरुद्ध, यात एक नशा असते. ऑस्करला ती पहिल्यांदा चढते ते गोठलेल्या तळ्यावर, हातातली काठी कॉनीच्या कानावर बसते तेव्हा. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू येतं ते मला सिनेमातल्या सगळ्या रक्तापेक्षा भीतिदायक वाटलं. त्याच वेळी शेजारी बर्फाखाली योकेचं प्रेत सापडतं, आणि ऑस्कर तिकडे बघतही नाही.

मला तुझ्या आयुष्यात पाच-सात माणसं हवी आहेत. सगळी जिवलग नकोत. काही नुसती ओळखीची, काही कंटाळवाणी, एखादी न पटणारीसुद्धा. खानावळीच्या त्या टेबलाशी बसणारी. तू दोन दिवस दिसला नाहीस तर ज्यांना कळेल. म्हणजे तुझ्या त्या मित्राने उद्या तुला न पटणारं काही मागितलं, तर नाही म्हणून तुला कुठेतरी जाता येईल. आणि तुझ्या मित्रालाही हे मिळायला हवं, हे मी त्याच्याच बाजूने म्हणते. सगळं आयुष्य एकाच माणसाच्या जिवावर उभं केलं तर त्या माणसाला आजारी पडायचीही सोय राहत नाही.

गणपतीला त्याला घेऊन ये. त्याच्या घरी विचारून ये म्हणावं. बाबांनी वरची खोली झाडून ठेवायचं कबूल केलंय, आणि मोदक करायला मला दोन हात जास्तीचे लागणारच आहेत. आरतीला शेजारची सगळी पोरं असतात, त्यांच्यात बसू दे त्याला. मला त्याच्याशी बोलायचंय, तुझ्याबद्दल नाही, त्याच्याबद्दल. आत्यालाही एक फोन कर, तिने वड्यांचा विषय काढला तर शांतपणे ऐकून घे.

आणि उत्तर लिही. मेसेज नको, पत्र. शेवटी ते दोघं आगगाडीत आहेत, ती पेटीत आणि तो बाहेर, टकटक करून एकमेकांशी बोलतायत, ऑस्कर हसतोय, हे मला माहीत आहे आणि तुझं त्याच्यावर किती प्रेम आहे तेही. त्याबद्दल लिहायला तुला खूप सुचेल. पण आधी लाकेचं काय ते सांग. तुझ्या प्रेमकथेत तू त्याला कुठे बसवतोस?

तुझी,
आई